खोक्यावरचं नाव

"पुसण्याआधी एकदा ऐकून घ्यावं," असं आमच्या इमारतीतले काका म्हणायचे, आणि खरंच ऐकायचे. मोबाइलवर कर्ज देऊ करणाऱ्या बाईचा रेकॉर्ड केलेला निरोप आला तरी शेवटपर्यंत ऐकून मगच डिलीट करायचे. एकदा कुणा गुजराती घरातल्या साखरपुड्याचं आमंत्रण चुकून त्यांच्या फोनवर आलं. तो व्हॉइस मेसेज त्यांनी तीनदा ऐकला. बोलणाऱ्या बाईंना सर्दी झालीये आणि मागे कुकरची तिसरी शिट्टी होतेय, हे मला जिन्यात थांबवून सांगितलं. पत्ता कळला असता तर बहुतेक आहेर घेऊन गेलेही असते.

ऐकताना फोन कानाला लावायचा नाही. तो छातीपाशी धरायचा, मान डावीकडे कलती करायची आणि डोळे मिटायचे. असं एखादं माणूस तुमच्याही इमारतीत असेल. आपण त्याला आधी विक्षिप्त म्हणतो, मग सवय होते, आणि पुढे कधीतरी त्याच्या विक्षिप्तपणामागचं कारण कळलं की आपलीच आपल्याला लाज वाटते. माझं तसंच झालं.

भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. हे पद कुणी मागून घेत नाही, गळ्यात पडतं. पार्किंग, कबुतरं, वरच्या मजल्यावरची गळती, या तक्रारी मला पाठ आहेत. एकदा काकांनी येऊन सांगितलं, "सेक्रेटरी मॅडम, पाण्याचा पंप कालपासून खालच्या सुरात बोलतोय. बेअरिंग जाणार." मी "बघते हं काका" म्हटलं. आमच्याकडे त्याचा अर्थ बघणार नाही असा होतो. चौथ्या दिवशी पंप बसला, बत्तीस घरांचे नळ कोरडे पडले, आणि मेकॅनिकनं आतून तुटकं बेअरिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यानंतर मी त्यांची एकही तक्रार टाळली नाही. वॉचमन म्हणायचा, "मॅडम, काका का कान नहीं, मशीन है."

ते ध्वनिमुद्रक होते. मुंबईतल्या एका जुन्या स्टुडिओत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या वन बीएचकेमध्ये शिरलं की समोर सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीला लागून स्पूल, म्हणजे टेपची जुनी रिळं, वाजवायचं एक भलंमोठं मशीन होतं, भंगारवाल्याकडून घेतलेलं आणि दोन वर्षं खपून चालू केलेलं. पाहुण्यांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण पाहुणे येत नसत. मूलबाळ नव्हतं. डोंबिवलीला एक पुतण्या होता, तो गणपतीत फोन करायचा.

ओळख थोडी वाढल्यावर त्यांनी एका दुपारी मला स्टुडिओतलं ते प्रकरण सांगितलं. एखादा माणूस आपला जुना आजार सांगतो तसं, आवाज न चढवता.

एक फार मोठे व्हायोलिनवादक होते. काका त्यांना नुसतं पंडितजी म्हणत, म्हणून मीही तेवढंच म्हणते. उतारवयात पंडितजी दोन दिवस स्टुडिओत येऊन वाजवून गेले. शुक्रवारचं काही जमलं नाही. शनिवारी अर्ध्या तासाची एक मुलतानी झाली. शनिवारीच त्यांनी ती ऐकली आणि घरी गेले. सोमवारी सकाळी परत आले आणि म्हणाले, पुसून टाका. एका ठिकाणी हात थरथरलाय, तो मी गेल्यावर लोकांनी ऐकायचा नाही. माझ्यासमोर पुसा.

"मी पुसलं," काका म्हणाले.

सहा महिन्यांत पंडितजी गेले. ती त्यांची शेवटची मुलतानी होती हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पुसायला खुद्द पंडितजींनी सांगितलं, यावर कुणाचा विश्वास बसेना. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. कुणी म्हणालं, टेप पुन्हा वापरता यावी म्हणून पुसलं असेल. कुणी म्हणालं, चुकून पुसलं आणि आता मेलेल्या माणसाचं नाव सांगतोय. मैफलीला गेले की मागच्या रांगेतून ऐकू यायचं, "हेच ते, पुसणारे." असं म्हणणाऱ्यांत पंडितजींचे एक शिष्य होते. ते आता सिल्व्हर पार्कात व्हायोलिनचा क्लास घेतात. काकांचं हाडांच्या डॉक्टरांकडे जाणं सिल्व्हर पार्कातच असायचं, पण त्या क्लासच्या रस्त्यानं ते कधी गेले नाहीत. रिक्षावाल्याला वळसा घ्यायला लावायचे. मैफली तर त्यांनी कधीच सोडल्या होत्या.

मी म्हटलं, काका, सांगितलेलं काम केलंत, तुमचं काय चुकलं? ते म्हणाले, "चुकलं नाही. पण पुसण्याआधी ऐकायचं, हा माझा नियम होता. पंडितजी म्हणाले, मला परत ऐकवू नका, सहन होणार नाही. म्हणून ऐकलं नाही. तेवढी एकच स्पूल मी न ऐकता पुसली."

तेव्हा मला त्या वाक्याचं महत्त्व कळलं नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. सुलभा तिचं नाव. म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होती आणि घरात काम करताना गायची. कुठे गाणं शिकली नव्हती. ज्या आठवड्यात पंडितजींचं ध्वनिमुद्रण झालं, त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी स्टुडिओ रिकामा होता. ती जेवणाचा डबा घेऊन आली, आणि काकांनी तिला माइकसमोर बसवलं. एक अंगाई, दोन ओव्या, एक शाळेतली प्रार्थना. मधे मधे ती हसली होती, आणि "चालू आहे का हो हे?" असं विचारलं होतं. काका मला ती अर्ध्या तासाची स्पूल पूर्ण सांगायचे. कुठे तिला खोकला आला, कुठे खुर्ची वाजली, सगळं.

ती स्पूल त्यांनी घरी आणली नाही. टेप स्टुडिओची, वीज स्टुडिओची, मग स्पूल घरी कशी न्यायची? टेपचे पैसे भरले, तरी खोक्यावर 'सुलभा, रविवार' असं लिहून ती रीतसर स्टुडिओच्या कपाटात ठेवली. हा प्रामाणिकपणा ऐकून मला खरं सांगायचं तर वैताग आला होता. पुढे स्टुडिओ बंद पडला, मालक वारले, वारसांत भांडणं लागली, कपाटं कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. काकांनी पत्रं लिहिली, खेटे घातले. हजारो लोकांचे आवाज ज्यांनी धरून ठेवले, त्यांच्या घरात बायकोचा आवाज नव्हता. लग्नाचा फोटो होता, पण त्यांना फोटोचं काय.

"आहे कुठेतरी," ते म्हणायचे. "स्पूल मरत नाही. मी आहे तोवर मिळाली म्हणजे झालं."

गेल्या वर्षी त्यांना एक फोन आला. स्टुडिओच्या मालकांचं मूळ घर भाईंदरजवळच्या डोंगरी गावात होतं, आणि त्यांच्या सुनेला एका जुन्या डायरीत काकांचा नंबर सापडला होता. घराचं छप्पर बदलायचंय, वर माळ्यावर खोकी आहेत, हवी तर बघून जा, नाहीतर भंगारात देऊ. काका जिना उतरून माझ्याकडे आले ते पायांत चपला न घालताच. इतकी वर्षं ते ज्याच्या मागे होते, ते भाईंदरहून एका बसच्या अंतरावर पडून होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. डोंगरीच्या त्या घरात सुनबाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि वर बोट दाखवलं. "माल्यावर हाय सगला. आमाला त्यातला काय कलत न्हाय. सासरा गेला, नि मंग कोनी हात लावला न्हाय."

माळ्यावर खारी दमट हवा कोंडली होती. खोक्यांना बुरशी लागली होती, काहींचे कोपरे उंदरांनी खाल्ले होते. काकांना शिडी चढवेना, म्हणून मी वर गेले आणि एकेका खोक्यावरचं नाव वाचून खाली सांगत राहिले. बहुतेक जाहिरातींची गाणी होती. साबण, छत्र्या, सुपारी. पंडितजींच्या नावाचं एक रिकामं खोकं निघालं, तेव्हा ते "ठेवा बाजूला" एवढंच म्हणाले. मग जवळजवळ तळाशी, त्यांच्याच तिरप्या अक्षरातलं, 'सुलभा, रविवार'.

मी ते खाली दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. सुनबाई म्हणाल्या, समदाच घेऊन जा बाबा. पण त्यांनी ते एकच खोकं घेतलं आणि वहीच्या पानावर पोच लिहून दिली. त्या बिचारीला त्या पोचेचं काय करायचं कळेना. तिनं ती फ्रिजवर चुंबकाखाली लावली.

ओली स्पूल लगेच लावली तर टेपवरचा थर मशीनला चिकटून निघून येतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, आत पंचवीस वॅटचा दिवा लावला आणि त्या उबेत स्पूल आठ दिवस ठेवली. रोज संध्याकाळी मला रिपोर्ट. आज वास कमी झालाय. आज कडा सुटल्यात. घरात बाळंतीण असावी तशी ते त्या कपाटाची काळजी घेत होते. आठवड्यात त्यांचं वय कमी झालं. दाढी रोज व्हायला लागली.

रविवारी दुपारी चारला त्यांनी मला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. एका खुर्चीवर मी, एका खुर्चीवर ते. मशीनमध्ये टेप ओवताना त्यांचा हात अजिबात हलला नाही. मला म्हणाले, "एकदा सुरू झाली की मधे थांबवायची नाही. तुम्हाला घाई नाही ना?"

आधी खरखर आली. मग तानपुरा.

त्यांनी मान वर केली. "तिच्यासोबत तानपुरा नव्हता," ते म्हणाले.

मला अजून काही उमगलं नव्हतं. मग व्हायोलिन सुरू झालं आणि मलाही कळलं. मी उठून मशीन बंद करायला गेले, त्यांनी हातानंच बसा म्हणून खूण केली. तो अर्धा तास आम्ही तसेच बसलो. मला संगीतातलं काही कळत नाही. पण ते वाजवणं इतकं सुंदर होतं की मला त्याचा राग आला. एका ठिकाणी सूर किंचित थरथरला, एवढाच. त्या तेवढ्यासाठी हे सगळं घडलं होतं.

शेवटी तानपुरा थांबला, आणि एक तरुण, उत्साही आवाज म्हणाला, "ठीक आहे पंडितजी, फारच छान." टेप संपून स्पूल मोकळी फिरायला लागली. काकांनी मशीन बंद केलं.

"हा मी," ते म्हणाले. "माझा आवाज राहिला."

मी विचारलं, काका, असं झालं कसं? त्यांना सगळं समजलं होतं. त्या अर्ध्या तासात त्यांनी मनात तो सोमवार पुन्हा उभा केला असणार. नाव खोक्यावर लिहायचं, स्पूलवर नाही, कारण स्पूल खोक्याबाहेर राहतेच कशाला, अशी त्यांची पद्धत. रविवारी पंडितजींची स्पूल अजून टेबलावर होती. शेजारी सुलभाबाईंची. दोन्ही सारख्या दिसणाऱ्या, एकाच कंपनीच्या. दोघांची जेवणं झाली, काका मशीन झाकायला गेले, आणि इकडे सुलभाबाईंनी टेबल आवरलं. बायका आवरतात तसं. डबे पुसले, उष्टं गोळा केलं, दोन स्पुला दोन खोक्यांत घातल्या.

"सोमवारी मी पंडितजींच्या समोर तिला पुसलं," काका म्हणाले. "मशीनवर ठेवून दोनदा फिरवली. ऐकलं असतं तर कळलं असतं." मग म्हणाले, "टेबल तिनं आवरलं, हे कुणाला सांगू नका. चूक माझीच होती."

आजवर सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आता दोघांपैकी कुणालाच त्याचा त्रास होणार नाही.

मला वाटलं होतं, ती स्पूल ते कपाटात टाकून देतील. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, किंवा कात्रीच घेतली असती. पण दोन दिवसांनी त्यांनी सिल्व्हर पार्कातल्या त्या शिष्याला फोन केला. "माझी नाहीये ती," मला म्हणाले. "ज्यांची आहे त्यांना द्यायला हवी. पंडितजींचं म्हणणंही त्यांना सांगायला हवं."

शिष्य आले, त्यांच्याबरोबर रेकॉर्ड कंपनीचे दोघं आले. मशीन लावलं. पहिल्या दोन मिनिटांत शिष्य रडायला लागले, ते शेवटपर्यंत. संपल्यावर उठून काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काय समजले असतील ते? काकांनी पुसल्याचं नाटक केलं, दुसऱ्या नावाच्या खोक्यात स्पूल लपवली आणि इतकी वर्षं शिव्या खाऊन पंडितजींचा ठेवा जपला. "तुम्हाला आम्ही काय काय बोललो," असं म्हणून त्यांनी परत पाय धरले.

काका म्हणाले, "मी पुसलं होतं. खरंच पुसलं होतं. वाचली ती चुकून."

"हा तुमचा मोठेपणा," शिष्य म्हणाले.

"पंडितजींनी पुसायला सांगितलं होतं. ते विसरू नका."

"कलाकाराला स्वतःचं कळत नसतं काका. तुम्हाला कळलं."

तिथून पुढे त्यांचं कुणी ऐकलंच नाही. पेपरात बातमी आली, फोटो आला. महिन्याभरात सत्कार झाला. हॉल भरलेला होता. ज्या लोकांमुळे त्यांनी मैफली सोडल्या, तेच पहिल्या रांगेत होते. शाल, श्रीफळ, आणि गुप्तपणे कला वाचवणाऱ्या सेवकाबद्दल तीन भाषणं. काकांना बोलायला सांगितलं तेव्हा ते माइकसमोर उभे राहून म्हणाले की, मी त्या दिवशी एक स्पूल पुसली, ती पंडितजींची नव्हती, पण पुसली हे खरं आहे. टाळ्या पडल्या. ती कुणाची होती हे एकानंही विचारलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी शब्द दिला होता, आणि मी गप्प बसले. अजून वाटतं, ती सुलभाबाईंची होती, निदान एवढं तरी ओरडायला हवं होतं.

कार्यक्रमानंतर त्यांनी कंपनीच्या माणसाकडे एकच गोष्ट मागितली. स्पूल ठेवा, ते खोकं मला परत द्या. आत काही नको, नुसतं पुठ्ठ्याचं खोकं. तो फार नम्रपणे म्हणाला, "सर, आता ते हिस्टॉरिकल आहे. बुकलेटमध्ये फोटो जाणारेय त्याचा. ओरिजिनल आम्ही नीट जपू." काकांनी मान हलवली. पोच मागितली नाही. मला ते फार खटकलं.

त्यानंतर ते तक्रारी घेऊन यायचे थांबले. महिनाभर लिफ्ट करकरत होती, मलासुद्धा ऐकू येत होतं. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मीच विचारलं, काका, लिफ्टचं काय वाटतं? ते म्हणाले, "कसलं?" त्यांचे कान गेले नव्हते, डॉक्टरांनी तपासले होते. पूर्वी "आहे कुठेतरी" म्हणणारा माणूस आता काहीच म्हणत नव्हता. त्यांना धरून ठेवणारं एवढंच एक होतं, आणि ते आम्ही डोंगरीहून घरी आणून पुरतं संपवलं.

दिवाळीच्या आधी ते गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. दूधवाल्यानं सकाळी बेल वाजवून मला बोलावलं. पुतण्या आला, त्यानं सगळं नीट केलं. मशीन कुणाला हवं का म्हणून त्यानं ग्रुपवर फोटो टाकला. दोन दिवस वाट पाहून मग टेम्पोवाल्याला दिलं. तिसऱ्या मजल्यावर आता एक नवीन जोडपं राहतं. त्यांची तक्रार पार्किंगची असते.

फेब्रुवारीत काकांच्या नावानं एक कुरिअर आलं. वॉचमननं ते सोसायटीच्या ऑफिसात आणून दिलं. आत त्या मुलतानीची सीडी होती, जाड आर्ट पेपरचं देखणं बुकलेट होतं. पंडितजींचे फोटो, शिष्यांचं मनोगत, काकांचं नाव दोन ठिकाणी. शेवटून दुसऱ्या पानावर त्या खोक्याचा पानभर फोटो. बुरशीचे डाग, एक कुरतडलेला कोपरा, आणि तिरप्या अक्षरात 'सुलभा, रविवार'. खाली बारीक टायपात एक ओळ होती: "स्पूल सापडली ते खोकं. त्यावरचं नाव चुकीचं आहे."

टेबलावर पेन होतं. मी त्या दुसऱ्या वाक्यावर काट मारली, एकदा नाही, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. बाकीच्या प्रतींचं मी काय करणार.